प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा

काही महिन्यांपूर्वी माझ्या बारा वर्षांच्या भाचीने मला विचारले, "मावशी, चंद्र तर एकच आहे. मग समुद्राला भरती दिवसातून दोनदा का येते?" प्रश्न ऐकताक्षणी मला खात्री वाटली की याचे उत्तर मला येते. भरती-ओहोटीविषयी मी आजवर कितीतरी वेळा वाचले आहे. चंद्राचे गुरुत्वाकर्षण, पाण्याचा फुगवटा, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे सगळे शब्द लगेच मनात उभे राहिले. मी सांगू लागले. चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून चंद्राच्या बाजूला फुगवटा येतो, इथपर्यंत ठीक झाले. पण त्याच वेळी पृथ्वीच्या विरुद्ध बाजूला, चंद्रापासून सर्वांत दूर असलेल्या पाण्यालाही फुगवटा का येतो, हे सांगताना मी अडले. चंद्र जर ओढतो आहे, तर त्या बाजूचे पाणी आत दाबले जायला हवे. ते बाहेर कसे येईल? भाचीनेही नेमके हेच विचारले. माझा हात आपोआप फोनकडे गेला आणि अर्ध्या मिनिटात उत्तर समोर होते. मी ते वाचून दाखवले, तिने मान डोलावली आणि विषय तिथेच संपला.

रात्री मी तेच स्पष्टीकरण लॅपटॉपवर पुन्हा शोधले, तेव्हा यादीतली पहिली लिंक निळी नसून जांभळी दिसली. म्हणजे ते पान मी पूर्वीही उघडलेले होते. कधी उघडले, कशासाठी उघडले, त्या वेळी मला काय समजले होते, यातले काहीही आठवत नव्हते. जे समजले होते ते केव्हाच निघून गेले होते आणि 'हे मला येते' ही खात्री तेवढी मागे राहिली होती. विसरण्याचे मला फारसे दुःख नाही, माणूस विसरतोच. पण विसरल्याचा पत्ताही नसणे मला फार अस्वस्थ करून गेले. इंटरनेटच्या वापराने आपल्या विचारांचे आणि ज्ञानाचे काय होते, याकडे मी त्या दिवसापासून अधिक गांभीर्याने पाहू लागले.

या विषयाची चर्चा बहुतेक वेळा स्मरणशक्तीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पूर्वी लोकांना फोन नंबर पाठ असत, आता नसतात, वगैरे. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटत नाही. मला जे हरवते आहे असे वाटते, ती प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा आहे. प्रश्न पडल्यापासून उत्तर मिळेपर्यंत पूर्वी काही वेळ जात असे. कधी काही मिनिटे, कधी काही दिवस, कधी वर्षे. त्या वेळात माणूस अंदाज बांधत असे, चुकत असे, कोणाला तरी विचारत असे, आधी माहीत असलेल्या गोष्टींशी सांगड घालून पाहत असे. विचार करणे ज्याला आपण म्हणतो, ते बरेचसे या मधल्या जागेत घडते. इंटरनेटने ती जागा जवळजवळ बुजवून टाकली आहे, आणि ती बुजवल्यामुळे आपल्याला काय येते आणि काय येत नाही यांच्यातली सीमारेषाही पुसट झाली आहे.

नव्या साधनाबद्दलची काळजी नवी नाही, हे मान्य केलेच पाहिजे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस इजिप्तमधली एक कथा सांगतो. त्या कथेत थ्यूथ नावाचा देव लेखनाची कला थॅमस राजापुढे ठेवतो आणि राजा ती ऐकून म्हणतो की, याने लोकांची स्मृती वाढणार नाही, उलट ते स्मरण करणे सोडून देतील, आणि शहाणपणाऐवजी शहाणपणाचा आभास त्यांच्या हाती येईल. आपल्याकडेही पोथीतली विद्या आणि दुसऱ्याच्या हातातले धन या दोन्ही गोष्टी ऐनवेळी कामाला येत नाहीत, असे सांगणारे सुभाषित शाळेतच कानावर पडते. गंमत अशी की सॉक्रेटिसची ती तक्रार आपल्यापर्यंत पोहोचली, कारण प्लेटोने ती लिहून ठेवली. लेखनाने मानवजातीचे जे भले केले, त्यापुढे राजा थॅमसची भीती फिकी वाटते, आणि म्हणून आजच्या काळजीलाही कोणी 'असे प्रत्येक पिढी म्हणते' असे उत्तर दिले तर त्यात तथ्य आहे.

पण ते सुभाषित मी अलीकडे पुन्हा नीट विचारात घेतले. त्यातली अडचण अशी आहे की वेळ येते तेव्हा पोथी जवळ नसते. आज ती अडचण उरलेली नाही. जगातली सर्वांत मोठी पोथी प्रत्येकाच्या खिशात आहे. मग सुभाषित कालबाह्य झाले का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण असे की विचारांची 'वेळ' कधी सांगून येत नाही. समजा, मी एखाद्या देशातल्या दुष्काळाविषयी वाचते आहे आणि वाचता वाचता मला दुसऱ्या शतकातल्या, दुसऱ्या देशातल्या दुष्काळाची आठवण होते. दोन्हीकडे धान्य होते पण लोकांकडे ते घेण्याची ऐपत नव्हती, हे साम्य जाणवते, आणि त्यातून एक नवा प्रश्न तयार होतो. हा प्रश्न तयार होण्यासाठी दुसरी घटना माझ्या डोक्यात आधीपासून असावी लागते. ती इंटरनेटवर असून उपयोग नाही, कारण ती शोधावी हेच मला सुचणार नाही. जे आपल्याला हवे आहे हे ठाऊक आहे तेच आपण शोधू शकतो. ज्याची गरज आहे हेच ठाऊक नाही, ते शोधण्याच्या चौकटीत काय लिहून शोधणार? म्हणूनच स्मरणशक्तीला गोदाम समजणे मला चुकीचे वाटते. स्मरणातल्या गोष्टी एकमेकींना भेटत असतात, आपण झोपलेलो असतानाही भेटत असतात. सर्व्हरवर पडलेली माहिती माझ्या मनातल्या कोणत्याही गोष्टीला आपणहून भेटायला येत नाही.

स्मरणाविषयी सर्वाधिक उल्लेख होणारे संशोधन २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बेट्सी स्पॅरो, जेनी ल्यू आणि डॅनियल वेग्नर या तिघांच्या त्या लेखातील एका प्रयोगात सहभागी लोकांनी सामान्य ज्ञानाची चाळीस विधाने वाचून संगणकावर टाइप केली. निम्म्यांना सांगितले होते की हे साठवले जाईल, निम्म्यांना सांगितले होते की पुसले जाईल. पुसले जाणार आहे असे समजणाऱ्यांच्या लक्षात ती विधाने अधिक राहिली. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना विधानांपेक्षा ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत हे अधिक चांगले आठवले. याच लेखातला आणखी एक प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा मात्र तसा निष्कर्ष मिळाला नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे 'गूगलमुळे मेंदू पोकळ होतो' अशी वाक्ये ठोकून देणाऱ्यांनी सावध राहिलेले बरे. मला स्वतःला त्या फोल्डरच्या निरीक्षणात काही वाईट दिसत नाही. गोष्ट कुठे आहे हे लक्षात ठेवणे हेही एक कौशल्य आहे, आणि चांगले ग्रंथपाल त्याच कौशल्यासाठी ओळखले जातात.

या तिघांपैकी वेग्नर यांनी १९८० च्या दशकातच एक कल्पना मांडली होती, ती इथे फार उपयोगी पडते. एकत्र राहणारी माणसे स्मरणाचे काम आपापसात वाटून घेतात, असे त्यांचे म्हणणे होते. घरात एकाला सगळ्यांची औषधे ठाऊक असतात, दुसऱ्याला कागदपत्रे कुठे आहेत हे ठाऊक असते, आणि प्रत्येकाला 'हे कोणाला विचारायचे' हे माहीत असते. म्हणजे माणसाची स्मृती एकट्याच्या कवटीत कधीच बंदिस्त नव्हती. इंटरनेट हा या व्यवस्थेतला एक नवा, प्रचंड मोठा भागीदार आहे, एवढेच म्हणून हा विषय संपवता आला असता. परंतु या भागीदारात आणि माणसात एक मोठा फरक आहे. मी माझ्या मोठ्या भावाला काही विचारते, तेव्हा ते ज्ञान त्याचे आहे याचा मला विसर पडत नाही. तो थांबतो, आठवतो, कधी 'नक्की सांगता येणार नाही' म्हणतो, कधी 'तुला हे कशाला हवे?' असे उलट विचारतो. इंटरनेट थांबत नाही, दमत नाही, आणि त्याचे उत्तर इतक्या सहज येते की ते आपल्याच आतून आल्यासारखे वाटते.

ही माझी एकटीची समजूत नाही. मॅथ्यू फिशर, मॅरिएल गोडू आणि फ्रँक काइल यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत नेमका हाच धागा आहे. त्यांनी काही लोकांना 'झिप कशी काम करते?' यांसारख्या प्रश्नांची उत्तरे इंटरनेटवर शोधायला लावली आणि काहींना इंटरनेट न वापरता उत्तर द्यायला सांगितले. नंतर दोन्ही गटांना पूर्णपणे वेगळ्या विषयांवरचे प्रश्न आपण स्वतः किती चांगले समजावून सांगू शकू, याचा अंदाज करायला सांगितला. ज्यांनी आधी शोध घेतला होता, त्यांनी या नव्या, न शोधलेल्या विषयांतही स्वतःला अधिक जाणकार ठरवले. दुसऱ्या गटाला तोच मजकूर आयता वाचायला दिला तरी फरक टिकला. आणि शोध घेऊन हाती काही उपयोगाचे लागले नाही, अशा वेळीही तो दिसला. म्हणजे आत्मविश्वास वाढतो तो मिळालेल्या माहितीने नव्हे, शोधण्याच्या कृतीनेच वाढतो. हे वाचताना मला ती जांभळी लिंक आठवली.

याच फ्रँक काइल यांनी लिओनिद रोझेनब्लिट यांच्याबरोबर २००२ मध्ये एक वेगळी गोष्ट दाखवून दिली होती, आणि ती इंटरनेटच्या आधीपासूनची, सर्वांचीच आहे. झिप, शौचालयाचा फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजते, असे विचारले की लोक स्वतःला भरघोस गुण देतात. मग पायरीपायरीने सविस्तर लिहून दाखवायला सांगितले की ते गुण आपणच कमी करतात. समज आहे असा भास आणि समज या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे: दुसऱ्याला समजावून सांगा. भाचीसमोर माझे तेच झाले होते. तेव्हा मी अडले, ते चांगले झाले. अडल्यावर लगेच फोन उचलला, इथे चूक झाली.

अडण्याचा नेमका फायदा काय, याचेही उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळालेले आहे. नेट कॉर्नेल, मॅथ्यू हेज आणि रॉबर्ट बियॉर्क यांच्या २००९ मधल्या प्रयोगांपैकी एक मला फार आवडतो. त्यात एकमेकांशी किंचितच संबंध असलेल्या शब्दांच्या जोड्या शिकायच्या होत्या. काही जोड्या पूर्ण तेरा सेकंद डोळ्यांसमोर ठेवल्या. उरलेल्या जोड्यांच्या बाबतीत आधी आठ सेकंद फक्त पहिला शब्द दाखवून दुसऱ्याचा अंदाज करायला सांगितला आणि नंतर केवळ पाच सेकंद उत्तर दाखवले. अंदाज जवळजवळ नेहमीच चुकत होता. तरीही नंतरच्या चाचणीत, चुकीचा अंदाज करून मग पाहिलेल्या जोड्या अधिक लक्षात राहिल्या. एकूण वेळ तोच, उत्तर पाहायला मिळाले तो वेळ निम्म्याहूनही कमी, आणि तरी शिकणे अधिक. चुकीचा का होईना, पण अंदाज बांधताना मन त्या शब्दाच्या आसपासचा सगळा परिसर ढवळून काढते. मग खरे उत्तर येते तेव्हा त्याला टेकायला जागा तयार असते. जमीन न नांगरता बी टाकले तर ते पाखरांचेच होते.

आता आपला रोजचा व्यवहार पाहावा. प्रश्न मनात पुरता उमटण्याआधीच तो चौकटीत टाइप केलेला असतो. अलीकडे तर अर्धा प्रश्न आपण लिहितो आणि उरलेला अर्धा यंत्र सुचवते, आणि बऱ्याचदा आपण आपला प्रश्न सोडून त्याने सुचवलेला प्रश्न स्वीकारतो. ही सवय वाढत जाते, असेही दिसून आले आहे. बेंजामिन स्टॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, अवघड प्रश्नांसाठी ज्यांनी आधी गूगल वापरले होते, ते पुढे सोपे प्रश्न आले तरी स्वतःला विचारण्याऐवजी पुन्हा गूगलकडेच वळण्याची शक्यता जास्त होती. मला यातले 'स्वतःला विचारणे' हे शब्द महत्त्वाचे वाटतात. उत्तर आपल्या आत असू शकते, याची आठवणच हळूहळू बुजते.

प्रश्नाचे रूप बदलणे ही मला उत्तराच्या घाईइतकीच गंभीर गोष्ट वाटते, पण तिच्याकडे कमी लक्ष जाते. सर्च इंजिनला काय समजते हे आपण इतक्या वर्षांत शिकलो आहोत, आणि आपले प्रश्न त्या मापाने कापू लागलो आहोत. 'आईशी बोलताना मी इतक्या लवकर का चिडते?' हा प्रश्न खूप खोल आहे, एका माणसाचा आहे, आणि त्याला उत्तर मिळायला कदाचित दहा वर्षे लागतील. तो चौकटीत जाताना 'राग नियंत्रणाचे उपाय' होतो. उपाय लगेच मिळतात, क्रमांक घालून मिळतात. मूळ प्रश्न मात्र विचारलाच गेलेला नसतो. ज्यांच्या मातृभाषेत इंटरनेटवर मजकूर कमी आहे, त्यांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी एकदा कापला जातो, कारण तो आधी दुसऱ्या भाषेत न्यावा लागतो आणि त्या भाषेत ज्या गोष्टीला नाव नाही ती वाटेतच गळून पडते. मी 'उमज', 'समज', 'माहिती' हे तीन शब्द मनात ठेवून काही शोधायला जाते आणि परत येताना माझ्या हातात बहुधा तिसराच असतो.

यादीत कोणते उत्तर वर यावे, याचा निर्णय कसा होतो तेही लक्षात घ्यायला हवे. १९९८ मध्ये गूगल सुरू झाले, तेव्हा त्यामागची मूळ कल्पना अशी होती की ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने निर्देश करतात, ते पान महत्त्वाचे. ही कल्पना खरोखर बुद्धिमान होती आणि तिने इंटरनेट वापरण्याजोगे केले. परंतु त्यात महत्त्व म्हणजे मान्यता; आणि मान्यता व सत्य यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही. त्यातही, दहा दुव्यांची यादी समोर येत होती तोवर निदान निवड करण्यापुरता विचार आपल्याकडे शिल्लक होता. आता यंत्राने लिहिलेला सलग, निःशंक सुराचा परिच्छेद सर्वांत वर येतो. तो अनेकदा बरोबर असतो. पण तो कोणी, कशाच्या आधारे, कोणाशी मतभेद ठेवून लिहिला, हे सगळे त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली जाते, आणि ज्ञान कसे तयार होते याची एकही खूण वाचकाच्या नजरेला पडत नाही.

याचा अर्थ इंटरनेटवर विचार करताच येत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण याच्या उलट उदाहरणे मी मोठ्या आदराने जपून ठेवली आहेत. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी, १० इतिहासकार आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना इंटरनेटवरच्या मजकुराची विश्वासार्हता तपासायला बसवले. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या संकेतस्थळांपैकी अधिक विश्वासार्ह कोणते, असा त्यातला एक प्रश्न होता. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकारही समोरचे पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले, त्याची मांडणी, संदर्भ, भाषा पाहत राहिले आणि फसले. तथ्य-तपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून बाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या, आणि या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहून परत आले. छापील पुस्तकावर वाढलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. एकाग्र वाचन हा आपण सद्गुण मानतो. इथे मात्र लवकर बाहेर पडणे हा विवेक ठरला. पण नीट पाहिले तर त्या तपासनीसांनी प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा बुजवली नाही, ती त्यांनी आपणहून तयार केली. समोर आलेले उत्तर बाजूला ठेवून 'हे मला कोण सांगते आहे?' हा मधला प्रश्न त्यांनी विचारला.

दुसरे उदाहरण गणितातले आहे आणि ते मला अजूनही हलवून टाकते. केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर विचारले की, एखादे कठीण गणित पुष्कळ लोकांनी मिळून, सर्वांसमोर सोडवता येईल का. त्यांनी घातलेली अट सुंदर होती: पूर्ण झालेले विचार नकोत, अर्धवट विचार लिहा, एकट्याने कोपऱ्यात जाऊन मोठे काम करून आणू नका. नामवंत प्राध्यापकांनी त्यात 'हे चालेल असे वाटत होते, पण चालत नाही' अशा नोंदी जगासमोर लिहिल्या. सुमारे सहा आठवड्यांत ज्या प्रमेयाची नवी सिद्धता हवी होती ती हाती आली, आणि तो शोधनिबंध कोणा एकाच्या नावाने न छापता 'पॉलिमॅथ' या सामूहिक नावाने छापला गेला. त्या नोंदी आजही वाचता येतात. मला त्यातले गणित बहुतांशी समजत नाही, तरी मी त्या वाचल्या, कारण मोठी बुद्धिमान माणसे अडतात कशी, हे इतके उघडपणे मी दुसरीकडे कुठेच पाहिले नव्हते. विकिपीडियावरच्या लेखांचा इतिहास आणि त्यामागचे वादही मी याच ओढीने वाचते. लेख हे उत्तर असते. इतिहासाच्या पानावर मधली जागा जशीच्या तशी जपलेली असते. इंटरनेटने ज्ञानाचा हा आतला कारखाना सर्वांसाठी खुला केला आणि आपण बहुतेक जण दुकानाच्या फळीवरूनच परत जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या भरतीच्या प्रसंगानंतर मी एक वही केली आहे. काहीही शोधण्याआधी प्रश्न त्यात पूर्ण वाक्यात लिहायचा, त्याखाली मला काय वाटते ते लिहायचे, आणि मगच शोधायचे. किरकोळ गोष्टींना हा नियम नाही. गाडीची वेळ किंवा एखाद्या शब्दाचे शुद्धलेखन यांवर मनन करण्याची गरज नाही. सुरुवातीला हे फार कष्टाचे वाटले. कित्येक प्रश्न पूर्ण वाक्यात लिहिताच येईनात, कारण ते प्रश्न नव्हतेच, नुसती चुळबुळ होती. काही प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता मलाच आठवली, आणि ती आठवताना वाटलेला आनंद कोणत्याही शोधात मिळत नाही. अनेक अंदाज साफ चुकले, आणि ते चुकलेलेच आज सर्वांत पक्के लक्षात आहेत. आपल्या परंपरेत ऐकणे, त्यावर मनन करणे आणि मग ते अंगी मुरवणे अशा श्रवण, मनन, निदिध्यासन या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी आज कधी नव्हे इतकी सोपी झाली आहे. उरलेल्या दोन तितक्याच उंच आहेत आणि त्या प्रत्येकाला आपल्याच पायांनी चढाव्या लागतात.

मागच्या रविवारी भाची पुन्हा आली. मी तिला म्हटले, "तुझे ते भरतीचे उत्तर मी वाचून दाखवले होते, पण मला ते समजलेले नव्हते. आज आपण दोघी मिळून करून पाहू." तिला आश्चर्य वाटले, पण ती बसली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवले. कागदावर मी तीन ठिपके काढले: चंद्राकडच्या बाजूचे पाणी, पृथ्वीचा मध्य आणि पलीकडच्या बाजूचे पाणी. चंद्र तिघांनाही ओढतो, पण सारखा ओढत नाही, हे तिनेच सांगितले. जवळच्या पाण्याला सर्वांत जास्त, मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सर्वांत कमी. ती बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पलीकडचे पाणी बाहेर जात नाही, मावशी. पृथ्वीच त्याच्यापासून पुढे ओढली जाते आणि ते मागे राहते." गोष्ट ओढण्याची नसून ओढण्यातल्या फरकाची आहे, हे त्या वाक्याने मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमजले, जरी ते मी आयुष्यात अनेकदा वाचले होते. पृथ्वी फिरताना प्रत्येक किनारा त्या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, आणि तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन भरत्यांमध्ये बारा तासांऐवजी सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, हेही मग आपोआप जुळत गेले.

थोड्या वेळाने तिने विचारले, "पण सूर्य चंद्रापेक्षा कितीतरी मोठा आहे आणि पृथ्वी तर त्याच्याभोवती फिरते. मग भरती चंद्राची का म्हणायची?" मी वही तिच्यापुढे केली. तिने प्रश्न लिहिला आणि खाली आपला अंदाज लिहिला: सूर्य इतका दूर आहे की त्याला पृथ्वीच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच अंतरावर वाटत असतील, म्हणून फरक कमी पडत असेल. त्यानंतर आम्ही फोन आणले आणि आकडे शोधले. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट आहे, तो चंद्रापेक्षा सुमारे ३९० पट दूर आहे, आणि हा ओढण्यातला फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे भरतीवरचा सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. तिने तिचा अंदाज आणि हे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिली. शोधताना काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, असेही आम्हाला दिसले. ते का, हे आम्ही अजून शोधलेले नाही. समुद्राच्या तळाच्या आकाराशी त्याचा काही संबंध असावा असे तिला वाटते, मला किनाऱ्याच्या अक्षांशाचा संशय आहे, आणि दोन्ही अंदाज वहीत तारखेसह लिहिलेले आहेत.